खिशाचा घसारा

पावसाळा सरला की आमच्या महाविद्यालयातली चार-सहा टोळकी चोर्ला घाट उतरून गोव्याला जातात. समुद्र, देवळे, चर्च, मासे असे सगळे पाहून नि खाऊन होते. पण परत आल्यावर कट्ट्यावर चर्चा रंगते ती मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटींची आणि त्यांतल्या स्लॉट मशिनची. ज्यांची एकविशी पूर्ण झाली आहे ते आत जाऊन येतात, बाकीचे काठावरून दिवे पाहतात. बोलतात मात्र सगळेच, आणि तेही मोठ्या अधिकाराने. कोणते यंत्र ‘देते’, कोणत्या वेळी बसावे, कोणाच्या शेजारी बसू नये, याचे जणू एक शास्त्रच आमच्या कट्ट्यावर तयार झाले आहे.

मी वीस वर्षांचा आहे. म्हणजे मला त्या बोटीवर प्रवेशच नाही. ‘मग तुला लिहिण्याचा अधिकार काय?’ असा प्रश्न येईल. त्यावर माझे उत्तर एवढेच, की आगीचा विमा कसा काढतात हे शिकण्यासाठी स्वतःचे घर पेटवावे लागत नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला या यंत्राचा जमाखर्च बाहेर उभे राहूनही मांडता येतो, आणि तो बाहेरूनच अधिक स्वच्छ दिसतो.

हे यंत्र जन्मले अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चार्ल्स फे नावाच्या कारागिराने ‘लिबर्टी बेल’ हे तीन चाकांचे यंत्र बनवले. नाणे टाकायचे, दांडा ओढायचा, तीन चाके फिरून थांबली आणि ठरावीक चित्रे जुळली की नाणी बाहेर. लोकांनी त्या दांड्यावरून याला ‘एका हाताचा दरोडेखोर’ असे नाव ठेवले. प्रत्येक चाकावर दहा चित्रे धरली, तर एकूण शक्यता दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे १,०००. हे गणित शाळेच्या पाटीवर सुटण्यासारखे होते. पुढे १९८४ मध्ये इंगे टेलनेस यांना एका युक्तीचे पेटंट मिळाले आणि सारे बदलले. आता चाके कोठे थांबायची हे चाके ठरवत नाहीत; यंत्रातला संगणक आकडा काढतो आणि चाके तो निकाल फक्त दाखवतात. संगणकाच्या पोटात प्रत्येक चाकाला दहाऐवजी ६४ जागा मानल्या, तर शक्यता होतात २,६२,१४४. डोळ्यांना दिसणारे चाक मात्र तेवढेच राहते.

ही एक गोष्ट नीट समजली की कट्ट्यावरचे निम्मे शास्त्र गळून पडते.

पहिला समज : यंत्र ‘भरते’. “सकाळपासून गिळतंय बघ ते मशिन, आता ओकणारच की!” हे वाक्य मी निदान दहा जणांच्या तोंडून ऐकले आहे. पण यंत्राला सकाळ आठवत नाही. प्रत्येक खेपेचा आकडा नवा असतो; मागच्या शंभर खेपांशी त्याचा काही संबंध नसतो. १९१३ साली माँटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटच्या चाकावर काळा रंग सलग २६ वेळा आला. ‘आता तरी लाल येणारच’ म्हणून लोक लालवर पैसे वाढवत गेले आणि नागवले गेले. चाकाला जशी स्मरणशक्ती नव्हती, तशी ती यंत्रालाही नाही.

दुसरा समज : ‘थोडक्यात हुकले.’ दोन चित्रे जुळली, तिसरे एका घराने वर राहिले, की खेळणारा हळहळतो. पण चित्राच्या शेजारची मोकळी जागा वारंवार दिसेल अशी मांडणी संगणकाच्या त्या न दिसणाऱ्या जागांमध्ये करता येते. आपण नेम थोडक्यात चुकवत नसतो. आपल्याला ‘थोडक्यात’ दाखवले जात असते.

तिसरा समज : ‘मी उठलो आणि पुढच्याला लागला, म्हणजे माझा डाव त्याने नेला.’ संगणकाचे आकडे अखंड फिरत असतात. बटण दाबण्याचा क्षण बदलला की आकडाही बदलतो. तुम्ही बसून राहिला असता तर त्याच क्षणी बटण दाबले असते, असे कोण सांगेल? दाराजवळचे यंत्र, कोपऱ्यातले यंत्र, मध्यरात्रीची वेळ, दांडा ओढावा की बटण दाबावे, हे सारे याच माळेचे मणी.

चौथा समज शहाण्यांचा असतो : ‘मालक आतून कळ फिरवतो.’ महाभारतात धर्मराज हरला तो शकुनीच्या कपटाने. म्हणून आपल्याला वाटते की जुगारात हरायला समोर शकुनी हवाच. येथे शकुनीची गरजच नाही. यंत्र प्रामाणिकपणे चालले तरी मालकाचा नफा ठरलेला असतो. अमेरिकेत नेवाडा राज्याचा नियम सांगतो, की यंत्राने सरासरी किमान ७५ टक्के परतावा द्यावा. न्यू जर्सीत हा आकडा ८३ आहे. म्हणजे उरलेला भाग मालकाने ठेवणे हे कायदेशीरच आहे. जी गोष्ट उघडपणे मिळते तिच्यासाठी चोरी कोण करील?

येथे माझे वाणिज्याचे मित्र म्हणतील, ‘९२ टक्के परतावा देणारे यंत्र मिळाले तर काय वाईट? शंभरातले आठच गेले.’ पाचवा आणि सर्वांत महाग समज तो हाच. परतावा खिशातल्या रकमेवर नसतो, प्रत्येक वेळी लावलेल्या रकमेवर असतो. हजार रुपये घेऊन बसा. ते एकदा पूर्ण खेळून झाले की सरासरीने ९२० उरतात. ते ९२० पुन्हा खेळलात की ८४६. दहा फेऱ्यांनंतर ४३४, वीस फेऱ्यांनंतर १८९. आम्हाला हिशेबशास्त्रात यंत्रावरचा घसारा घटत्या शिलकीवर काढायला शिकवतात, तेच हे गणित. फरक इतकाच की येथे यंत्र आपल्या खिशावर घसारा काढते. मिनिटाला दहा वेळा बटण दाबले, दर वेळी दहा रुपये लावले, तर तासाला सहा हजारांची उलाढाल होते आणि सरासरी ४८० रुपये जातात. मध्येच कोणाला मोठी रक्कम लागतेही. पण ती इतर सर्वांच्या घसाऱ्यातून आलेली असते.

शिवाय यंत्र वीस रुपये लावून आठ परत दिले तरी दिवे लावते, गाणे वाजवते. बारा रुपये गेल्याचा सोहळा आपण टाळ्या वाजवून साजरा करतो! सरकारचा वाटाही विसरू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर, तोही त्याच रात्रीचा तोटा वजा न करता.

हे सारे गणित मी का मांडतो आहे? माझ्या परिचयातला एक तरुण आहे. वडील वडगावात माग चालवतात. सुताच्या व्यापाऱ्याला द्यायचे पैसे घेऊन तो मित्रांबरोबर पणजीला गेला आणि एका संध्याकाळी अठरा हजार घालवून आला. तेथे थांबला असता तर गोष्ट अठरा हजारांचीच राहिली असती. पण पुढच्या आठवड्यात तो उसने घेऊन पुन्हा निघाला. मी विचारले, “कशाला जातोस?” तो म्हणाला, “माझे पैसे आहेत रे त्या मशिनमध्ये. ते तरी आणायला नकोत?”

त्याच्या या एका वाक्यात माझ्या मते सगळा रोग आहे. त्याच्या मनातल्या ताळेबंदात ते अठरा हजार ‘येणे’ या सदरात मांडले होते. वास्तविक ते त्याच संध्याकाळी खर्ची पडले होते. नाटकाच्या तिकिटाचे पैसे आपण दुसऱ्या दिवशी वसूल करायला जात नाही. यंत्रात गेलेला रुपया हाही असाच खर्च आहे. ज्याने तो खर्च म्हणून लिहिला तो घरी परततो. ज्याने येणे म्हणून लिहिला तो पुन्हा पुन्हा वसुलीला जातो. वडगावातला एक माग आज बंद आहे तो या नोंदीच्या चुकीमुळे.

कन्नड विभागातले माझे मित्र नशिबाला ‘अदृष्ट’ म्हणतात. आपल्याकडे अदृष्ट म्हणजे न दिसणारेही. स्लॉट मशिनच्या बाबतीत दोन्ही भाषा एकत्र वाचाव्यात : ज्याला आपण नशीब म्हणतो, ते न दिसणारे गणित आहे.

आता ज्यांना जायचेच आहे त्यांच्यासाठी चार व्यवहारी सूचना. मनोरंजनाचा खर्च म्हणून एक रक्कम घरीच ठरवा आणि तेवढीच रोख न्या. कार्ड आणि पैसे पाठवण्याची सोय असलेला फोन खोलीवर ठेवा. फी, भाडे, दुकानाचे भांडवल, दुसऱ्याचे पैसे यांतली पै नेऊ नका. वेळ घड्याळाने मोजा. लहान रक्कम लावा आणि सावकाश खेळा, कारण घसारा वेगावर वाढतो. जिंकलात तर ती रक्कम वेगळ्या खिशात टाकून उठा. हरलात तर भरपाईसाठी एक रुपयाही लावू नका, उसने तर मुळीच घेऊ नका. आणि रात्री वहीत किती नेले, किती आणले हे दोन आकडे लिहा. ज्याला खेळ थांबवणे जमत नाही त्याने लाजू नये. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक अशाच मानसिक अडचणींसाठी आहे. मोबाइलवरचे पैशाचे खेळ हा तर यापुढचा खड्डा. त्यांच्या बंदीचा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला.

शेवटी आजूबाजूच्या सरकारांकडे पाहा. कर्नाटकाने २००७ मध्ये लॉटरी बंद केली. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, पण तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. आणि ज्या गोव्यात कॅसिनो आहेत, तेथील सरकारने १ फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांनाच आत जायला मनाई केली आहे. यजमान ज्या पंगतीला आपल्या मुलांना बसू देत नाही, त्या पंगतीचे आमंत्रण पाहुण्याने दोनदा वाचावे.

आमच्या प्राध्यापकांना एक विनंती. सांख्यिकीच्या तासाला आपण नाणी उडवण्याची नि पत्ते ओढण्याची उदाहरणे वर्षानुवर्षे सोडवत आलो आहोत. यंदा त्यांत एक उदाहरण या यंत्राचे घाला : रक्कम हजार, परतावा ९२ टक्के, फेऱ्या वीस, शिल्लक काढा. हे उदाहरण सोडवून जो विद्यार्थी गोव्याची बस धरील, तो निदान वसुलीला तरी जाणार नाही.