आरोग्याच्या चार गोष्टी : गुडघा दाखवायला जाल तेव्हा



आधीच सांगतो, मी रसायनशास्त्राचा डॉक्टर, औषधांचा नव्हे. पण गणपतीच्या लेझीमच्या तालमीत पाय रोवून गर्रकन वळलो आणि गुडघ्यात कट्‌कन झाले. दुसऱ्या दिवशी सूज. रजा मागायला नको म्हणून पाच दिवस लंगडतच प्रयोगशाळेत गेलो. ही चूक तुम्ही करू नका.

मांडीचे आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. त्याच मेनिस्कस. पाय जमिनीवर आणि अंग वळले, की ती फाटू शकते.

सगळ्यांचा सल्ला एकच, "एमआरआय काढून मोकळे व्हा." डॉक्टरांनी मात्र आधी विचारले : कसे वळलात? सूज कधी आली? गुडघा अडकतो का? मग चांगल्या गुडघ्याशी तुलना करत सांध्याच्या फटीवर अंगठ्याने दाबून पाहिले. निजवून गुडघा पूर्ण दुमडला, पाऊल फिरवत हळूहळू सरळ केला. ही लिव्हरपूलचे शल्यचिकित्सक मॅकमरे यांची चाचणी. शेवटी हात धरून एका पायावर उभे केले, गुडघा किंचित वाकवून अंग डावी-उजवीकडे वळवायला लावले. ही २००५ सालची, ग्रीसमधली थेसली चाचणी. घरी करून पाहू नका, फाट वाढेल.

प्रयोगशाळेत आम्ही एका चाचणीवर नमुन्याचा निकाल देत नाही. इथेही तसेच. नुसते चित्रही फसवते. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पन्नाशीपुढच्या ज्या लोकांच्या एमआरआयमध्ये फाट दिसली, त्यांतल्या सुमारे ६१ टक्के लोकांचा गुडघा आदल्या महिन्यात दुखलाच नव्हता! म्हणून आधी तपासणी, मग गरज असेल तर चित्र, आणि दोन्ही जुळले तरच ऑपरेशनचा विचार.

मात्र गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर त्याच दिवशी दाखवा. गादीच्या बाहेरच्या कडेलाच रक्तपुरवठा असतो. तिथली ताजी फाट पुष्कळदा शिवता येते, उशीर झाला की ते कठीण होते. रजा पुन्हा मिळेल, गादी नाही.

माझे व्यायामावर निभावते आहे. यंदा लेझीम तुम्ही खेळा, मी बसून टाळ वाजवीन!