कॅमेऱ्यापुढचे अरण्य आणि अरण्यातले जगणे

गेल्या काही वर्षांत दूरचित्रवाणीवर आणि इंटरनेटवरील वाहिन्यांवर एक नवाच कार्यक्रमप्रकार रूढ झाला आहे. एखादा लोकप्रिय नट पाठीवर पिशवी टाकून दूरदेशी जातो, तिथल्या गावकऱ्यांच्या पंगतीला बसतो, त्यांच्या शेतात दोन घटका राबतो आणि भाग संपता संपता 'साधे जगा, निसर्गाला धरून राहा, निरोगी व्हा' असा संदेश प्रेक्षकांच्या पदरी टाकतो. हॉलिवूडचा अभिनेता झॅक एफ्रॉन याची 'डाऊन टू अर्थ' ही मालिका जुलै २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आली. जग टाळेबंदीत घरी अडकलेले असताना आइसलँड, कोस्टा रिका, सार्डिनिया, पेरू असा प्रवास घडवणाऱ्या या आठ भागांनी मोठा प्रेक्षकवर्ग मिळवला. पुढच्याच वर्षी एफ्रॉनला सूत्रसंचालनासाठी डेटाइम एमी पुरस्कार मिळाला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियात चित्रित झालेले दुसरे पर्व आले. शंभरी गाठणाऱ्या माणसांच्या कथित 'ब्लू झोन' प्रदेशांवरील मालिका २०२३ मध्ये त्याच वाहिनीवर दाखल झाली.

आपल्याकडेही ही लाट पोचली आहे. बेअर ग्रिल्सबरोबर कॉर्बेटच्या जंगलात फिरणारे पंतप्रधान देशाने ऑगस्ट २०१९ मध्ये पाहिले. त्यानंतर रजनीकांत आणि अक्षय कुमार बंदीपूरच्या अरण्यात दिसले. शहरी तरुणींना वाई तालुक्यातील बावधन गावी नेऊन ग्रामीण जीवनाचे धडे देणारा 'जाऊ बाई गावात' हा कार्यक्रम मराठी प्रेक्षकांनीही कौतुकाने पाहिला. अशा कार्यक्रमांना सरसकट नाके मुरडण्याचे कारण नाही. लोकप्रिय चेहरा रूक्ष विषयाला घराघरात नेऊ शकतो, हे २०१२ मध्ये सुरू झालेल्या आमिर खानच्या 'सत्यमेव जयते'ने दाखवून दिले. त्याच प्रेरणेतून २०१६ मध्ये पानी फाउंडेशनचे काम उभे राहिले आणि दुष्काळी तालुक्यांत हजारो हात श्रमदानाला लागले. प्रश्न प्रसिद्धीचा नाही. या प्रसिद्धीतून नेमके काय दाखवले जाते आणि काय गाळले जाते, हा आहे.

त्याची कसोटी घ्यायची तर चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांइतकी योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग वनाच्छादित आहे. अशा मालिकेला जे जे हवे, ते सारे इथे आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे वेचली जाणारी मोहफुले आहेत, चारोळी आणि टेंभरे आहेत, पावसाळ्यात बांबूचे कोवळे वास्ते, तरोट्याची भाजी आणि सात्या आहेत, मध आहे, गोंड-माडियांचे घोटुल आणि रेला नृत्य आहे. दोनतीन दिवसांच्या चित्रीकरणात एक देखणा भाग सहज तयार होईल. 'इथली माणसे रानातले खातात, पायी चालतात, म्हणून ती निरोगी आहेत', असे त्यात सांगितले जाईल आणि ते ऐकायला गोडही वाटेल. अडचण एवढीच, की ते खरे नाही.

शोधग्राम येथील 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीतील ८६ गावांत, सुमारे ९४ हजार लोकवस्तीत झालेल्या मृत्यूंची कारणे तपासली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मृत्यूचे सर्वात मोठे एकच कारण आढळले ते पक्षाघात. दर सात मृत्यूंपैकी एक त्यामुळे झालेला होता. लठ्ठपणा, मोटार आणि बैठे काम यांच्याशी आपण ज्या आजाराची सांगड घालतो, तो रानभाज्या खाणाऱ्या, दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाला गाठतो आहे. रक्तदाबाचे निदानच न होणे, झाले तरी गोळ्या नियमित न मिळणे आणि तंबाखू-खर्ऱ्याचे सर्वदूर पसरलेले व्यसन ही कारणे कॅमेऱ्याच्या चौकटीत मावत नाहीत. राज्यातील हिवतापाचा मोठा भार याच जिल्ह्यावर आहे आणि सिकलसेलचा आजार इथल्या आदिवासी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मोहाच्या फुलात पोषण आहे हे खरे. पण त्याने हिवताप बरा होत नाही.

याच जिल्ह्याने आरोग्याचा एक धडा मात्र जगाला दिला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील, जेमतेम शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास कोंडल्यास तातडीने उपाय करणे, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक देणे ही कामे या आरोग्यदूत करू लागल्या. तिसऱ्या वर्षी प्रयोगातील ३९ गावांमधला नवजात मृत्युदर, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी कमी झाला. 'लॅन्सेट'ने डिसेंबर १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि पुढे देशभरातील 'आशा' कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत समाविष्ट झाली. गडचिरोलीतील बाळे वाचली ती कोणत्या प्राचीन आहाररहस्यामुळे नव्हे. गावातच एक प्रशिक्षित बाई, तिच्या हाती वजनकाटा आणि औषध, आणि वेळेवर पडणारी तिची पावले यांमुळे ती वाचली. आरोग्य ही जीवनशैलीइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, सेवेची बाब आहे. जीवनशैलीचे कार्यक्रम नेमकी हीच गोष्ट झाकतात, कारण सेवा ही शासनाकडे मागावी लागते आणि जीवनशैली बाजारात विकत घेता येते. 'ब्लू झोन'च्या शतायुषींबाबतही असाच इशारा मिळाला आहे. अशा प्रदेशांतील जन्मनोंदी आणि निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांतील गोंधळ दाखवून देणारे संशोधक सॉल न्यूमन यांना २०२४ मध्ये इग-नोबेल पुरस्कार देण्यात आला. माणसे कशाने दीर्घायुषी होतात हे सांगण्याआधी त्यांचे वय नीट मोजले आहे का, हा त्यांचा प्रश्न साधा असला तरी मूलभूत आहे.

जी गोष्ट आरोग्याची, तीच शाश्वत जीवनाची. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव आता अभ्यासकांना आणि पाहुण्यांना नवे नाही. इथला बांबू, इथले जंगल आणि 'मावा नाटे, मावा राज' ही घोषणा चित्रीकरणासाठी उत्तमच. पण हे जंगल टिकले ते गावकरी स्वभावतःच निसर्गप्रेमी आहेत म्हणून, असे म्हणणे हा त्यांच्या कष्टांचा अपमान ठरेल. देवाजी तोफा आणि २०२५ च्या जानेवारीत निवर्तलेले मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने या गावाने वर्षानुवर्षे अभ्यासगट चालवले, कायदे वाचले, मतदानाने नव्हे तर सर्वसहमतीने निर्णय घेण्याची शिस्त लावून घेतली. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. त्यानुसार २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू गवत की झाड, या वादात त्याची वाहतूक अडवली जात होती. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. आज जिल्ह्यातील हजारावर ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्क आहेत.

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्याच्या पाचगावची कथा तर अधिक बोलकी आहे. हक्क मिळाल्यावर या गावाने बांबूच्या उत्पन्नावर भर दिला आणि हमखास रोख पैसा देणारे तेंदूपान तोडणे मात्र बंद केले. चांगले पान यावे म्हणून झाडे छाटली जातात, रानाला वणवे लावले जातात आणि पाखरांच्या वाट्याचे फळ जाते, असा हिशेब गावाने स्वतः मांडला. हा त्याग कोणा पाहुण्याच्या उपदेशाने घडला नाही. आपले जंगल आपल्या हाती आहे आणि उद्याही राहील, या खात्रीतून तो घडला. हक्काविना शाश्वतता म्हणजे दुसऱ्याच्या घराची राखण होय. ती फार काळ कोणी करत नाही.

ताडोब्याकडे पाहिले की या चित्राची दुसरी बाजू दिसते. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या या जंगलाचे नावच तारू या गोंड प्रमुखावरून पडले, अशी आख्यायिका आहे. वाघाशी झुंजताना तो मरण पावला आणि तलावाकाठी त्याचे ठाणे झाले. त्या ठाण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जाणाऱ्या गावकऱ्यांना आज वनखात्याच्या नियमांची चौकट आहे, तर उघड्या जिप्सीतून फिरणाऱ्या पर्यटकांसाठी आगाऊ नोंदणीची व्यवस्था आहे. छायाचित्रांतून जगभर पोचलेल्या माया वाघिणीचे चाहते असंख्य आहेत. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीसाठी पायी निघालेली एक महिला वनरक्षक त्याच वाघिणीच्या हल्ल्यात कर्तव्यावर असताना प्राणास मुकली, हे त्यांतील कितीजणांच्या स्मरणात आहे? मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. वाघ वाचला पाहिजे, यात शंका नाही. तो वाचवण्याची किंमत मात्र जिप्सीत बसलेल्यांनी नव्हे, पायी जाणाऱ्यांनी चुकवली आहे. पर्यटनाने वाटाडे, चालक, निवासव्यवस्था असा रोजगार आणला हे मान्य करूनही हा हिशेब शिल्लक राहतोच.

या कार्यक्रमांचा सर्वात मोठा दोष मात्र वेगळाच आहे. ते गावकऱ्याला आदर्श ठरवतात, पण प्रेक्षकाला एकही अडचणीचा प्रश्न विचारत नाहीत. ज्या पडद्यावर आपण हे हिरवे जंगल पाहतो, त्याला लागणाऱ्या विजेचा वाटा चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक केंद्रातून येतो. कोळशाच्या खाणी, राख आणि धूर यांच्यासह जगणारे हे शहर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत देशात चौथे होते. तिकडे एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर, जिथे माडियांचा ठाकूरदेव आहे, २०२१ पासून लोहखनिजाचे उत्खनन जोमाने सुरू आहे आणि गडचिरोलीला पोलादनिर्मितीचे केंद्र करण्याची भाषा राज्यकर्ते करत आहेत. या जिल्ह्याला रोजगार नको असे कोणीही म्हणणार नाही. पण ज्यांचे साधे जीवन शहराला शिकवण म्हणून दाखवायचे, त्यांच्याच डोंगरातून शहराच्या जीवनशैलीचा कच्चा माल न्यायचा, ही विसंगती तरी निदान दाखवली जावी.

चाळीस मिनिटांच्या करमणुकीकडून इतकी अपेक्षा कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. तो पूर्णपणे गैरलागू नाही. मोहफुलांवरील जुने निर्बंध २०२१ मध्ये राज्य शासनाने शिथिल केले. आता एखाद्या नटाच्या तोंडून मोहाच्या लाडवाची स्तुती झाली आणि वेचणाऱ्या बाईला चार पैसे अधिक मिळाले, तर ते स्वागतार्हच आहे. मात्र ते पैसे तिलाच मिळतील, याची व्यवस्था आधी हवी. त्यासाठी वेगळा कायदाही नको. जैविक विविधता कायदा २००२ पासून आहे. स्थानिक पातळीवरील जैवविविधता समित्या आणि लाभातील वाट्याची तत्त्वे त्यात आहेत. सामूहिक वनहक्काच्या क्षेत्रात चित्रीकरण करायचे असेल तर वनखात्याच्या परवान्याबरोबरच ग्रामसभेची संमती घ्यावी, मोबदला ग्रामसभेच्या खात्यात जमा व्हावा आणि तयार झालेला भाग प्रसारणापूर्वी गावाला दाखवावा, एवढा संकेत वाहिन्यांनी पाळला तरी पुष्कळ होईल. गावाने सांगितलेली चूक दुरुस्त करण्याने कोणत्याही मालिकेची रंजकता कमी होत नाही.

आणि एक अपेक्षा प्रेक्षकांकडूनही आहे. असा कार्यक्रम पाहून उठताना 'आपणही मोह खावा का?' यापेक्षा 'हे जंगल कोणाचे आहे आणि ते त्यांच्या हाती राहावे म्हणून आपण काय कमी वापरायला तयार आहोत?' हा प्रश्न मनात यायला हवा. मेंढा आणि पाचगावने आपापली उत्तरे ग्रामसभेत बसून शोधली. मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यात बसलेल्यांनी ती शोधायला अजून सुरुवातही केलेली नाही.