२.५६ डॉलरची हौस

प्रोग्रामिंगचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी थेट पॅकेजवर जाते. पगार हे नोकरीचं कारण झालं. कुणी सांगितलेलं नसताना माणूस मध्यरात्री स्क्रीनला का चिकटून बसतो, त्याचं नव्हे.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांचंच बघा. १९७७ साली त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली आणि अक्षरजुळणी पाहून ते वैतागले. दुसरा कुणी प्रकाशकाला खरमरीत पत्र लिहून मोकळा झाला असता. यांनी लेखन बाजूला ठेवून अक्षरजुळणीचा प्रोग्रामच लिहायला घेतला. वर्षभरात उरकेल असा अंदाज होता. गेली जवळपास दहा वर्षं. त्यांचा ‘टेक’ हा प्रोग्राम ओळी सुट्या सुट्या तोडत नाही. शब्दांमधल्या मोकळ्या जागा डोळ्यांत खुपू नयेत म्हणून अख्खा परिच्छेद एकदम जोखतो. वाचकाला याचा पत्ताही लागत नाही. (प्रुफं तपासण्यात हयात घालवलेल्या आम्हा मंडळींना लागतो!)

पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला ते २.५६ डॉलरचा चेक पाठवत. २५६ सेंट, म्हणजे दोनाचा आठवा घात. अनेकांनी तो वटवलाच नाही, चौकट करून भिंतीवर लावला.

मला वाटतं, गोडी लागते ती अशा खुन्नशीतून. खटकलेली गोष्ट स्वतः दुरुस्त करता येते, आणि चुकलं तर यंत्र भीडभाड न ठेवता तोंडावर सांगतं. म्हणूनच या अंकात करिअर मार्गदर्शनाचा एकही लेख नाही. आठही लेखक आपापल्या बिनपगारी उद्योगांबद्दल लिहिताहेत.