कारण आधीं, जप्ती मागून!

उत्तनचा कोळी, भाईंदरचा भाजीवाला, काशीमिऱ्याचा सुतार यांचें घर टेंपोच्या चाकांवर चालतें. टेंपो पोलीस ठाण्याच्या आवारांत अडकला कीं चूल थंडावलीच! म्हणून आम्ही विचारतों: झडती घेण्याआधींच पोलिसांना गाडी धरतां येते काय?

येते; पण मनास येईल तशी नाहीं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचें कलम १०६ सांगतें कीं, गाडी चोरीची असल्याचा संशय हवा, किंवा गुन्ह्याचा संशय येईल अशा स्थितींत ती सांपडलेली हवी. आधीं गाडी ओढून न्यायची आणि मग तींत कारण हुडकायचें, ही उलटी गंगा झाली!

जप्तीची खबर मॅजिस्ट्रेटास ताबडतोब द्यावी लागते. कलम १०५ प्रमाणें झडतीचें व जप्तीचें चित्रण करावें लागतें, यादीवर साक्षीदारांच्या सह्या लागतात. गुजरातच्या सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यांत सुप्रीम कोर्टानें २००२ सालींच बजावलें कीं, जप्त वाहनें ठाण्यांत दीर्घकाळ सडत ठेवूं नयेत. योग्य जामीन घेऊन तीं सोडावीं. दारू व अंमली पदार्थांचे कायदे निराळे आहेत. पण लहर हा कायदा कोठेंच नाहीं.

२०२० सालीं मीरा-भाईंदर, वसई-विरारला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालें. आयुक्तालय मोठें, पण कायदा त्याहून मोठा!

बांधवहो, खाकी पाहून लोटांगण घालूं नका, हातघाईवरही येऊं नका. कोणतें कलम, कोणता गुन्हा, हें विचारा. पंचनाम्याची प्रत मागा. गाडीसाठीं कोर्टांत अर्ज करा. आपल्या अज्ञानावरच अरेरावी पोसली जाते. तिचा खुराक तोडा!