कोरा, फिका आणि बिनसाखरेचा

मधुमेही माणूस हॉटेलात ‘एक कोरा चहा’ मागवतो आणि आपण पथ्य पाळले अशा समाधानात तो पितो. पण कोरा म्हणजे दूध नसलेला. त्यात साखर नसते, असे कोणी सांगितले? ‘फिका’ शब्दाची तर आणखीच गंमत. गिऱ्हाइकाच्या मनात अगोड चहा असतो, चहावाला मात्र पत्ती कमी टाकतो.

‘साखर कमी’ म्हणण्याचाही टपरीवर फारसा उपयोग नसतो. तिथे दूध, पत्ती आणि साखर एकाच पातेल्यात उकळत असते. गर्दीच्या वेळी चहावाला मान डोलावतो आणि त्याच किटलीतून ओततो. त्याला दोष तरी किती द्यावा? ‘साखर अजिबात नको, वेगळा उकळून द्या’ असे स्पष्ट सांगावे. नसेल जमत, तर चहा नको म्हणावे.

एक लहान चमचा साखर म्हणजे सुमारे 4 ते 5 ग्रॅम. दोन चमच्यांचे चार कप झाले, की 30 ते 40 ग्रॅम पोटात गेली. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली दिलेल्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर प्रौढाने शक्यतो दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि हा सल्ला निरोगी माणसालाही आहे.

हल्ली ‘बिनसाखरेचा आहे का?’ विचारले, की गुळाचा चहा पुढे येतो. शब्दश: खोटे नाही! पण गुळातही मुख्यत: साखरच असते आणि रक्तातली साखर त्यानेही वाढते.

उलटी चूक अधिक धोक्याची. इन्शुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्याची साखर एकाएकी उतरते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. सोबतचा माणूस धावत दुकानात जातो आणि ‘शुगरचा पेशंट आहे’ म्हणून काळजीने ‘डाएट’ कोल्ड्रिंक आणतो. त्यात साखर नसतेच. अशा वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, किंवा साधे गोड कोल्ड्रिंक अर्धा ग्लास. 15 मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढेच द्यावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता त्याला कुशीवर वळवावे आणि ताबडतोब दवाखाना गाठावा.