भांड्याला भांडे

गेल्या वर्षी एका मासिकात माझी एक कथा प्रसिद्ध झाली. तीत एक म्हातारा उन्हातून घरी येतो आणि त्याची सून त्याला स्टीलच्या ग्लासातून पाणी देते. म्हातारा पाणी पितो आणि कथा पुढे जाते. म्हाताऱ्याला ते पाणी गोड लागले. पण एका सद्गृहस्थांच्या घशात मात्र ते अडकले. त्यांनी मला चार पानी पत्र धाडले. ग्लास म्हणजे काच. तेव्हा स्टीलचा ग्लास म्हणजे स्टीलची काच. हा उघड वदतोव्याघात आहे. 'भांडे' हा आपला घरंदाज शब्द असताना एका शाळामास्तराने ही उसनवारी करावी, याची त्यांना लाज वाटली. "आपले शिक्षण मॅट्रिकपुरतेच असल्यास तसे कळवावे," असा शेवट होता.

तेव्हा प्रथम कळवितो की, ते तेवढेच आहे.

फराळाचे ताट पुढे असताना भांडण कशाला काढता, असे आमच्या सौ.चे म्हणणे. पण दिवाळी हा तर भांड्यांचाच सण! धनत्रयोदशीला नवे भांडे घरात यायचे, त्याआधी जुनी चिंच लावून लख्ख करावयाची, फळीवरच्या डब्यांना वर्षातून एकदा ऊन दाखवावयाचे. भांड्यांविषयी बोलावयाला याहून बरा मुहूर्त कोणता?

शब्द थोर आहे, याबद्दल माझा वाद नाही. तांब्या-भांडे म्हटले की एकच भांडे डोळ्यांपुढे येते, आणि 'भांडी घासून टाक' म्हटले की परातीपासून पळीपर्यंत सारा संसार मोरीत उतरतो. एवढ्याशा शब्दाने केलेले उद्योग तर पाहा. संस्कृतात 'भाण्ड' म्हणजे नुसते पात्र नव्हे, व्यापाऱ्याचा मालही. आपले भांडवल त्याच कुळातले आणि भांडारही तिथलेच. जुने कागद आणि बखरी चाळल्या तर भांडी 'सुटतात', आणि ती फळीवरून नव्हेत, बुरुजावरून. कारण तोफेलाही भांडेच म्हणत. विजापूरच्या बुरुजावर आज जी मुलूखमैदान तोफ आहे ती १५४९ साली अहमदनगरात ओतली. तसल्या अजस्र धुडाला आणि माझ्या आजीच्या अर्ध्या पावशेर पाण्याच्या पात्राला आपल्या पूर्वजांनी एकच नाव दिले आणि त्यांना कोणी चार पानी पत्र लिहिले नाही! (भांडण मात्र या घरचे नव्हे, बरे का. त्याचे मूळ निराळे, 'भण्डन'. पण भांड्याला भांडे लागून ते होते, एवढा शेजार पुष्कळ झाला.) काळजी मिटली की आपला जीव पडतो तोही भांड्यातच. का, ते विचारू नये, पडतो खरा.

पण वदतोव्याघाताचे काय? सद्गृहस्थांच्या घरी तांब्या असेलच. तो कशाचा आहे? स्टीलचा असावा, निदान पितळेचा. मग तांबे कुठे गेले? 'तांब्या' या नावातच तांबे आहे. तरी स्टीलच्या तांब्याने त्यांना आजवर ठसका लागला नाही. ते शेंगदाण्याचे तेल खातात. तेल म्हणजे तिळाचे! मी मुलांच्या वह्या लाल शाईने तपासतो. शाई हा शब्द फारसीतला, आणि त्याच्या मुळाशी काळेपणा आहे. म्हणजे मी रोज लाल काळेपणाने लिहितो. वस्तू बदलते, नाव तेच राहते, आणि कोणाचे काही अडत नाही. पेला तरी कुठला? प्याल्याचाच भाऊबंद, फारसीकडून आलेला. याच पत्रात त्यांनी माझ्या कथेला 'पेल्यातले वादळ' म्हटले आहे. ते वादळ साहेबाच्या चहाच्या कपातून आपल्याकडे आले, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. अगदी शुद्धच हवे असेल तर 'चषक' आहे. पण तो पूर्वी मद्याचा होता आणि हल्ली क्रिकेटचा झाला आहे. १९८३ साली आपण विश्वचषक जिंकला, त्यातून कोणी तहान भागविल्याचे ऐकले नाही.

इथवर गंमत झाली. माझे खरे भांडण 'घरंदाज' या एका शब्दाशी आहे.

आमच्या गावच्या घरात भांड्यांवर नावे घातलेली असत. आजीच्या भांड्यावर तिच्या माहेरचे नाव, वडिलांच्या भांड्यावर त्यांच्या मुंजीची तारीख, आईच्या रुखवतातल्या भांड्यावर ठिपक्याठिपक्यांचे 'सौ.' एकाच भांड्यावर नाव नव्हते. ते पडवीतल्या कोनाड्यात उपडे असे. धुणीभांडी करावयास एक मावशी येत, ते त्यांचे. काम झाले की त्या ते पुढे धरीत आणि आजी वरून, हात राखून, पाणी ओती. साऱ्या घराची भांडी त्यांच्या हातून जात. राख, चिंच, विसळण, सारे त्यांचे. त्यांच्या हातांनी घासलेली चाळीस भांडी आम्हांला चालत. त्यांच्या ओठांना लागलेले एक चालत नसे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना एका उन्हाळ्यात खेळून आलो आणि हाताशी आले म्हणून ते भांडे माठात बुडविले. आजीने ते माझ्या हातून उडविले. त्याला पोचा पडला. दुसऱ्या दिवशी मावशींनी ते उचलले, अंगठ्याने पोचा चाचपला, काही विचारले नाही, आणि रोजच्यासारखे पुढे धरले.

हे घरंदाज भांडे!

त्याच वर्षी वडिलांबरोबर तालुक्याला गेलो. एस.टी. स्टँडावरच्या हॉटेलात बाकावर मावशी आपल्या मुलाला घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पाणी पिऊन ग्लास ठेवला. पोऱ्याने तो बादलीत बुडविला, पुन्हा भरला आणि माझ्यापुढे आणून आपटला. स्टीलचा ग्लास! वडिलांनी पाहिले आणि ते दुसरीकडे पाहू लागले. मी प्यालो. त्या दिवसापासून तो बिनकुळाचा, अशुद्ध, वदतोव्याघाती शब्द माझ्या जिभेवर आहे, आणि तो तेथून हलवावयाची माझी तयारी नाही.

सगळीच हॉटेले अशी पुण्यवान नव्हती. बाहेरच्या कोनाड्यात वेगळी कपबशी ठेवणारी हॉटेले याच महाराष्ट्रात होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. तेथे भांड्याचा प्रश्नच नव्हता. पाण्याला हात लागणे हाच प्रश्न होता. १९५० साली संविधानाने अस्पृश्यता संपविली, १९५५ साली ती पाळणे हा कायद्याने गुन्हा ठरला. तरीही बाबा आढावांना १९७२ साली 'एक गाव, एक पाणवठा' म्हणत गावोगाव हिंडावे लागले. ताकाला जाऊन भांडे लपविणे ही म्हण आपण संकोची माणसाला लावतो. मला वाटते, ती आपल्याला लावावी. समतेच्या ताकाला आपण सगळे जातो, आणि ते दुसरे भांडे कोनाड्यात ढकलून जातो.

म्हणून मी ठरविले की, सद्गृहस्थांना चार पाने लिहावयाची नाहीत. एका पोस्टकार्डावर एकच प्रश्न लिहावयाचा: आपल्याकडे भांडी घासावयास येणाऱ्या बाई पाणी कशातून पितात? कार्ड लिहिले, पत्ता घातला, आणि पाणी प्यावयास स्वयंपाकघरात गेलो.

आमच्या ओट्यामागच्या खिडकीत एक नारिंगी प्लास्टिकचा ग्लास होता. रोज दिसत असेल. मी पाहिला त्या संध्याकाळी. कोणाचा, हे विचारण्याची गरज नव्हती. तरी विचारले. "त्यांचा त्यांना बरा," सौ. म्हणाली, "आणि त्यांचं काही म्हणणं नाही." मावशींचेही काही म्हणणे नव्हते. मग आमच्याकडे भांड्याला भांडे लागले ते रात्री बरेच उशिरापर्यंत. "दोन वर्षं खिडकीत आहे. मास्तर, तुम्हांला आजच दिसला?" या तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

कार्ड मी पेटीत टाकले नाही. ते वहीत तसेच आहे.

प्लास्टिकचा ग्लास दुसऱ्या दिवशी सौ.ने स्वतःच टाकून दिला. बाई आल्या, भांडी झाली, हात पुसून त्यांनी खिडकीत पाहिले. "वहिनी, माझा ग्लास कुठं गेला?" सौ.ने फळीवरचा स्टीलचा काढला, तिच्या माहेरचे नाव असलेला, आणि भरून त्यांच्या हातात दिला. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. मग मान मागे टाकली, ग्लास ओठांपासून चार बोटे वर धरला, आणि थेंबही न सांडता वरून पाणी प्याल्या.