तिचे भाषण तिलाच लिहू द्या

नव्या वर्षाची कोवळी उन्हे अंगणात स्थिरावण्याआधीच ३ जानेवारीचा दिवस उजाडतो आणि जयंतीनिमित्त गावोगावच्या शाळांमधून सावित्रीबाई फुले यांच्या तसबिरीला हार चढतो. कपाळावर ठसठशीत कुंकू, डोक्यावर पदर, हातात पाटी अशा वेशातल्या लहानमोठ्या सावित्री प्रभातफेरीत चालू लागतात. गारठलेल्या पटांगणावर ‘पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ अशा ओळखीच्या सुरात भाषणे होतात. आपण सारेच कधी ना कधी ती देत, ऐकत मोठे झालो. महाराष्ट्र हा दिवस बालिका दिन म्हणून साजरा करतो आणि तो याच उमाळ्याने साजरा व्हावा. तरीही यंदा हार घालून झाल्यावर आपण घटकाभर थांबावे आणि स्वतःला विचारावे, की माईकसमोर उभ्या असलेल्या त्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या तोंडचे शब्द कोणाचे आहेत?

तसबिरीतल्या सावित्रीबाई आपल्याला पोक्त, प्रौढ भासतात आणि त्यांचे वय नजरेआड होते. १८३१ साली नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींना शिकवू लागल्या, तेव्हा त्या जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या. आजच्या हिशेबाने बारावीच्या वर्गात बसण्याचे ते वय. ज्या वयात सभोवतालचे जग आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहते या विचाराने मन सतत धास्तावलेले असते, त्या वयात रस्त्यावर होणारा शेण-चिखलाचा मारा सोसून ही तरुण शिक्षिका वर्गात उभी राहत होती. पती जोतीरावांनी त्यांना अक्षरे शिकवली हे आपण सांगतोच. त्या अक्षरांच्या बळावर एक अख्खी शाळा त्यांच्या हाती विश्वासाने सोपवली, याचा उच्चार मात्र कमी होतो.

आणि त्या विश्वासाचे दान पुढे गेले. फुले दांपत्याच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजातली एक मुलगी शिकत होती. वय चौदाच्या आसपास. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. छपराविना, थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या बायांचे हाल तिने त्यात मांडले, आणि वेदांवर ज्यांचा अधिकार नाही त्यांचा धर्म तरी कोणता, हा सवाल थेट केला. पावणेदोनशे वर्षे होत आली, तरी त्या प्रश्नाची धार बोथट झालेली नाही. ज्या मुलीच्या सावलीचाही त्या काळी विटाळ मानला जाई, तिच्या मनात स्वतःच्या शब्दाविषयी एवढी प्रतिष्ठा कुठून उगवली असेल?

गोड स्तुतीने ती उगवली नसावी, असे आम्हाला वाटते. तिला शाळा मिळाली, मेहनत करायला लावणारे गुरू मिळाले, आणि ती जे बोलू पाहत होती ते बोचरे असूनही तिच्या शब्दांवर कोणी पांघरूण घातले नाही. किशोरवयीन मन आत्मसन्मान शिकते ते असेच. आपल्या हातून एक काम नीट पार पडले, आपले म्हणणे कोणा वडीलधाऱ्याने मान वळवून ऐकले, त्यावर वाद घातला, पण ते हसण्यावारी नेले नाही, या अनुभवांच्या ओलाव्यावर हे रोप धरते.

आज आपल्या घरांतली मुले-मुली शिकतात, त्यांना कपडालत्ता आहे, हाती मोबाइलही आहे; आणि तरी कितीतरी जणी स्वतःचा रंग, उंची, केस, इंग्रजी यांच्या काळजीने खचत असतात. फोटोला मिळालेल्या पसंतीवरून त्या दिवसाची किंमत ठरते. यात भर आपणच घालतो. शेजारच्या मुलीचे टक्के जेवणाच्या ताटावर काढतो, पाहुण्यांसमोर ‘ही जरा सावळीच आहे’ म्हणून टाकतो, रडू आलेल्या मुलाला ‘मुलीसारखा काय रडतोस’ असे दटावतो. मग एखाद्या संध्याकाळी शाबासकीची खैरात करून ती जखम भरून आली असे मानतो. मुलांना ही शाबासकी पोकळ असल्याचे कळते. त्यापेक्षा नापास झालेल्या मुलाशेजारी बसून ‘कुठे अडले ते दाखव’ म्हणणारा बाप त्याला अधिक देतो.

सावित्रीबाईंच्या लेकी-नाती म्हणवून घ्यायचे तर त्यांचे ऋण फेडण्याची जबाबदारी आपल्यावर येते. घरच्या निर्णयात पोरीला विचारावे, महिन्याचा हिशेब तिच्या हाती द्यावा, चुकली तर चूक दाखवून पुन्हा तिच्याच हाती द्यावा. शाळेच्या हस्तलिखितात, गावच्या बालसभेत ती शौचालयाला पाणी नाही म्हणाली, तर तिला गप्प न करता ते पाणी आणावे. तिचे बोलणे कधी आपल्यालाच टोचेल. तेव्हा तर अधिक शांतपणे ऐकावे.

पालकहो, गुरुजनहो, यंदाच्या ३ जानेवारीला मुलीला तयार भाषण पाठ करायला देऊ नका. तिच्या हाती कोरा कागद द्या, ती लिहील ते तिच्याच शब्दांत तिला वाचू द्या, आणि वाचून होईपर्यंत समोर बसून राहा.